सागवानी टेबलाचे पाय आतून निमुळते करताना

जेवणाच्या टेबलाचे पाय खालपर्यंत सारखे जाड असले की टेबल बोजड दिसतं. आमचंही तसंच होतं. कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमधून आणलेलं सागवान, पाय दोन इंच चौरस. खाली सव्वा इंचावर आणायचे ठरवलं, पण फक्त आतल्या दोन बाजूंनी. बाहेरच्या बाजू सरळ राहिल्या की टेबल ऐटीत उभं राहतं. चारही बाजूंनी उतार मला तरी आवडत नाही.

आधी पायांत आडव्या पट्ट्या (टेबलाच्या फळीखाली पाय जोडणाऱ्या) बसवायची भोकं पाडून घेतली. पाय चौकोनी असतानाच गुण्या (काटकोन तपासायचं साधन) नीट बसतो. उतार पट्टीच्या खाली अर्धा इंच सोडून सुरू केला, म्हणजे सांध्याला फट राहत नाही.

कटरवर, म्हणजे गोल पात्याच्या करवत-मशीनवर, पाय हाताने तिरका धरायचा नाही, बोटं जातील. प्लायच्या फळीवर दोन ठोकळे स्क्रूने बसवले, पाय त्यांना टेकवून वरून शिकंजाने आवळला आणि फळीच सरकवली. दुसऱ्या कापाला कापलेली बाजू वर ठेवली. खाली सपाट बाजू येते, पाय डुलत नाही.

खरी अडचण रंध्याची. खालून वर मारला की रेषा उचकटून खपल्या निघत होत्या. आमचे मिस्त्रीमामा म्हणाले, "अवो, जाडीकडनं बारकाकडं मारा की!" पातं बारीक काढून तसा मारला. पातळ, अखंड साली सुटल्या, पृष्ठ गुळगुळीत झालं. उताराच्या सुरुवातीचा उंचवटा तेवढा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासला.