मुलांच्या होडीवर जाणाऱ्या मोठ्यांची तयारी कशी करून घ्यावी

दाभोळच्या खाडीत, वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, आम्ही शाळेतल्या मुलांना वल्ही मारायला आणि शीड सांभाळायला शिकवतो. मुलं दहा ते सोळा वयाची. ती भराभर शिकतात. वेळ लागतो तो त्यांच्यासोबत होडीत बसणाऱ्या मोठ्या माणसांना तयार करायला. आमच्याकडे पालक येतात, शिक्षक येतात, बँकेतून निवृत्त झालेले येतात, आणि जन्म दर्यावर काढलेले तांडेलही येतात. शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले तेव्हापासून या मंडळींचं प्रशिक्षण माझ्याकडे आहे. तुमच्या गावात खाडी, तलाव किंवा धरण असेल आणि असं काही उभं करायचं मनात असेल, तर आमची पद्धत उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हतं. आपल्याकडे १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या किनाऱ्याजवळ कॉलेजच्या मुलांची होडी उलटून तीन मुली बुडाल्या. हरणीच्या होडीत मोठी माणसं होती. पण होडी सुटण्याआधी डोकी मोजणं, जॅकेटचे पट्टे ओढून बघणं आणि जादा मुलांना खाली उतरवणं हे काम आपलं आहे, असं कुणीतरी त्यांना आधी सांगून, करून घेऊन, पक्कं करायला हवं असतं. प्रशिक्षण म्हणजे एवढंच. एवढं नीट करायला पावसाळाभर वेळ द्यावा लागतो.

वर्षाचं वेळापत्रक

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो. ते दिवस वर्गासाठी. नारळी पौर्णिमेनंतर, पाणी निवळलं की फक्त मोठ्यांनी पाण्यात उतरायचं, एकही मूल सोबत नाही. मुलं येतात ती दिवाळीच्या सुट्टीत. मधल्या काळात ज्याचा सराव पुरा झाला नाही तो त्या वर्षी किनाऱ्यावर काम करतो. यात कुणाचाही अपवाद करू नका, देणगी देणाऱ्यांचाही नाही.

तिथी, भरती आणि दुपारचा वारा

वर्गातला सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब कोकणात घरोघरी ठाऊक आहे. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा अंदाज आहे. निघायच्या दिवशी छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहायचाच. पण अंदाज डोक्यात असला की माणूस तक्ता चुकीचा वाचत नाही.

दुसरा हिशोब बाराव्या हिश्शाचा. ओहोटीच्या पहिल्या तासात एकूण पाण्याचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी समुद्राकडे धावतं.

आता हे दोन्ही एकत्र मांडा. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती संपली, की सव्वा ते सव्वातीन ही ओढीची वेळ, आणि पाणीही उधाणाचं. नेमकं त्याच वेळी खारा वारा पश्चिमेकडून जोर धरतो. पाणी बाहेर चाललंय, वारा आत येतोय. मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहतात, आखूड आणि खड्या, आणि छोटी होडी त्यात आडवी झाली तर उलटते. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला आकाश निळंशार दिसतं. अष्टमीला उलट आहे. बाराला ओहोटी संपते, दुपारभर भरती चढते, वारा आणि पाणी दोन्ही खाडीच्या आत ढकलतात. एखाद्या मुलाच्या हातून वल्हं सुटलं तरी होडी गावाकडेच येते.

म्हणून नव्या स्वयंसेवकाची पहिली परीक्षा मी कॅलेंडरवर घेते. महिन्याचं पान देते आणि मुलांना दुपारी नेण्यासारखे दिवस खुणा करायला सांगते. जो सप्तमी, अष्टमी, नवमी भोवती खुणा करतो त्याला समजलं. जो सगळ्या रविवारांवर गोल काढतो त्याच्यासोबत पुन्हा बसायचं. पौर्णिमा-अमावास्येला जायचंच असेल तर सकाळी लवकर, भरती चढत असताना, आणि साडेदहाला सगळ्यांनी जेट्टीवर परत.

तुमच्याकडे धरण किंवा तलाव असेल तर भरतीचा प्रश्न नाही, पण वारा आहे. वारा कोणत्या काठाकडे ढकलतो आणि त्या काठावर काय आहे, दगड, जाळी की गाळ, हे आधी चालत जाऊन बघा.

जॅकेट

लेबल वाचायला शिकवा. न्यूटन हे जॅकेट किती जोराने तरंगवतं त्याचं माप. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत हाताशी असतानासाठी असतं. न पोहणाऱ्या मुलासाठी किमान १०० न्यूटन, आणि मापाला वय नाही, वजन बघायचं. घातल्यावर मुलाला उभं करून दोन्ही खांद्यांवर जॅकेट धरून वर ओढा. हनुवटी-कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, किंवा मांडीमधला पट्टा लावलेला नाही. फोम दाबून पाहा, दबलेलाच राहिला तर जॅकेट बाद. वापरल्यावर गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचं.

मोठ्यांनीही घालायचं. इथे तांडेल मंडळींशी बोलावं लागतं, आणि ते आदराने बोलावं. "काका, तुम्हाला गरज नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही पडलात तर ही सहा मुलं कुणाकडे बघतील?" एवढं पुरतं. आमच्याकडचे सगळ्यात जाणते काका आता होडीवर चढायच्या आधीच जेट्टीवर जॅकेट बांधतात, आणि मुलं त्यांचं बघून बांधतात.

असोला नारळ

पाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा सराव नारळाचा. सोललेला नको, असोला हवा. तो पाण्यात तरंगतो आणि वर जेवढा दिसतो तेवढंच पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं दिसतं. होडी चालू असताना, स्वयंसेवक काहीतरी सांगण्यात गुंतलेला असताना, मी मागच्या बाजूने नारळ हळूच सोडते. आवाज होत नाही. ज्याला दिसेल त्याने "माणूस पाण्यात!" असं ओरडायचं, हात सरळ करून नारळाकडे बोट दाखवायचं आणि नजर हलवायची नाही. सुकाणूवरचा माणूस त्या बोटाकडे बघून होडी वळवतो.

पहिल्यांदा हे प्रत्येकाचं फसतं, आणि ते फसलेलंच बरं. बोट दाखवणारा क्षणभर मागे वळून सुकाणूवाल्याला काही सांगतो, पुन्हा बघतो तर नारळ नाही. लाट एक हात उंचीची, तिच्यामागे नारळ येतो आणि जातो, आणि दुपारच्या उन्हात पाणी सगळीकडे सारखंच चमकत असतं. आपण शोधतोय त्या जागी एक माणूस असता, हे त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

याच सरावात सांगायचं की बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? हात हलवून बोलावतही नाही, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबतं. गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघा.

सोबतच्या इंजिनच्या बोटीवर एक नियम: इंजिन बंद करणारी लाल दोरी, किल कॉर्ड, चालवणाऱ्याच्या मांडीला बांधलेली हवी. २०१३ साली इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एक कुटुंब वेगातल्या बोटीतून बाहेर फेकलं गेलं. दोरी बांधलेली नव्हती, रिकामी बोट गोल फिरून त्यांच्याच अंगावर आली आणि दोघांचा जीव गेला. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना वाऱ्याकडे तोंड करून, अगदी हळू, माणूस चालवणाऱ्याच्या बाजूला ठेवून जायचं. हात पोचायच्या आधी इंजिन बंद.

उलटणं

मुलांना होडी उलटवायला शिकवण्याआधी प्रत्येक मोठ्याने स्वतः उलटवायची, अंगातल्या कपड्यांसकट. जागा नीट निवडा. आमच्या नदीत वर चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, म्हणून आम्ही मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात, वाळूच्या उथळावर, भरती चढताना हा सराव करतो. क्रम असा: वर येताच डोकी मोजायची. एक कमी असेल तर आधी शिडाखाली, मग पालथ्या होडीच्या आत बघायचं. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत जायचं नाही. मग एकाने मधल्या उभ्या फळीवर वजन टाकायचं आणि होडी सरळ करायची.

मोजणी तोंडी नको. "सगळे आहेत ना?" या प्रश्नाला मुलं नेहमी "हो" म्हणतात. जेट्टीवर, बसल्यावर, प्रत्येक गडबडीनंतर आणि उतरल्यावर चेहरे बघून मोजा. एका मोठ्यामागे जास्तीत जास्त सहा मुलं, हे आमचं प्रमाण.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीबद्दल एकच सांगते: तिच्या पुढून कधीही जायचं नाही. ती चटकन थांबू शकत नाही.

सुकाणू मुलाच्या हातात

ज्यांना होडी चांगली येते त्यांची अडचण वेगळी. मुलाने वळण उशिरा घेतलं की त्यांचा हात आपोआप सुकाणूवर जातो. हात गेला की त्यांची नजर शिडावर जाते आणि बाकीची पाच मुलं नजरेबाहेर. त्यांना सरावात दोन्ही हात मांडीवर ठेवून फक्त शब्दांनी होडी परत आणायला लावा. शब्द मोजके: "वाऱ्याकडे", "सैल", "थांब". चौथा शब्द "माझ्याकडे", तो म्हटला की मुलाने सुकाणू सोडायचं. हा शब्द धोक्यालाच वापरायचा, म्हणजे मुलं तो ऐकतात.

"आज नाही" म्हणण्याचा सराव

हा आम्ही चक्क नाटकासारखा करतो. एक जण पुण्याहून पोराला घेऊन आलेले पालक होतो: "मॅडम, पाच तास गाडी चालवून आलोय, फक्त अर्धा तास न्या." दुसरा मुख्याध्यापक होतो: "पाहुणे बसलेत, फोटो तरी होऊ दे." स्वयंसेवकाने उभं राहून सांगायचं, "आज होडी निघणार नाही. मुलांना गाठी शिकवतो, पाहुण्यांनीही यावं." कारणांची यादी द्यायची नाही, कारण प्रत्येक कारणावर समोरच्याकडे तोड असते. भिडस्त माणसांना हे पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणावं लागतं. म्हणू द्या.

मुलांची काळजी

कोणताही मोठा एकट्या मुलासोबत होडीत, खोलीत किंवा गाडीत एकटा असणार नाही. नेहमी दोन मोठे. मुलींच्या तुकडीसोबत एक बाई हवीच. कपडे बदलण्याच्या खोलीत फोन न्यायचा नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं बंधनकारक आहे, हे प्रत्येकाला वाचून दाखवा, आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर पाठ करून घ्या. दमा, आकडी, ॲलर्जी यांची नोंद पालकांकडून आधी घ्या. इनहेलर त्याच होडीतल्या मोठ्याकडे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

किनाऱ्यावरचा माणूस

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष फेरीची. स्वयंसेवक नेतृत्व करतो, मी मागे गप्प बसते. किती वेळा मोजणी केली आणि वारा बदलल्यावर किती लवकर परत फिरला, एवढंच मी बघते.

ज्यांना पाण्याची भीती जात नाही अशा शिक्षिका आमच्याकडे किनाऱ्याची जबाबदारी घेतात, आणि ती पुरी जबाबदारी आहे. त्यांच्याकडे नावांची यादी, पालकांचे फोन, कोणती होडी कुठे गेली आणि किती वाजता परतणार, हे कागदावर लिहिलेलं असतं. ठरलेली वेळ टळली की लगेच होडीला फोन. पंधरा मिनिटांत उत्तर नाही तर सोबतची बोट निघते आणि त्याच वेळी तटरक्षक दलाला १५५४ वर आणि सागरी पोलिसांना १०९३ वर कळवायचं. होडी दिसू लागली तर पुन्हा फोन करून तसं सांगायचं. त्यासाठी त्यांनी माझी किंवा कुणाचीही परवानगी मागायची नाही.