जुन्या सायकलला पंप कुठे बसवला

लांब पंप आधी सीटच्या नळीला क्लिपांनी अडकवला होता. तिथे बाटली बसेना, आणि खड्ड्यात एकदा निसटला तो थेट क्रँकवर. मागच्या चाकालगत लावायचा विचार लगेच सोडला; सुटला तर सरळ स्पोकमध्येच जाणार. मग फ्रेम पुसताना दांडीखाली, हँडलच्या नळीपाशी रंगात दबलेली बारीक खुंटी हाताला लागली. म्हणजे जागा बनवणाऱ्यानेच ठरवून ठेवली होती! आता पंपाचं पुढचं टोक खुंटीत, मूठ सीटच्या नळीवर. आतली स्प्रिंग साधारण दीड सेंटीमीटर दबते आणि पंप घट्ट बसतो. मूठ टेकते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, रंग खरवडत नाही, खडखडही थांबली. फक्त जिन्यावरून सायकल खांद्यावर घेताना पंप आधी काढावा लागतो.