स्वाहिली मुलांना संगणकावर पहिलं इंग्रजी

टांझानियातल्या सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालतात, माध्यमिकला मात्र एकदम इंग्रजी. म्हणून आधी कान तयार करा, स्पेलिंग नंतर.

सुरुवात 'शाती', 'बासी', 'बाइस्केली' या स्वाहिली शब्दांनी करा. शर्ट, बस, बायसिकलच ते. लिब्रेऑफिस इम्प्रेस या स्लाइड बनवायच्या मोफत प्रोग्राममध्ये एका स्लाइडवर एक चित्र, एक आवाज. धड्याला ८ शब्द पुरेत. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत प्रोग्राममध्ये, मोनोत (एकाच चॅनेलवर) करा आणि शब्दाआधी अर्धा सेकंद मोकळा सोडा, नाहीतर पहिलं व्यंजन गिळलं जातं.

खरी मेख स्वरांत आहे. स्वाहिलीत स्वर पाचच, त्यात ऱ्हस्व-दीर्घ 'इ' वेगळे नाहीत. 'शिप' आणि 'शीप' मुलांना सारखेच वाटतात. जहाज आणि मेंढी शेजारी ठेवा, एक शब्द ऐकवा, चित्रावर क्लिक करू द्या. क्रम दर वेळी बदला. मुलं जागा पाठ करतात!

मूळचे स्वाहिली शब्द स्वरावर संपतात, म्हणून 'बुक'चं 'बुकु' होतं. मुलाचा आवाज ऑडॅसिटीत घेऊन पडद्यावरची आवाजाची लहर दाखवा. शेवटचा जादा फुगवटा त्याला स्वतःलाच दिसतो. दहा वेळा सांगण्यापेक्षा हे बरं.

'ही' आणि 'शी'ची गल्लत होणारच, कारण स्वाहिलीत दोघांना 'येये'. 'तो-ती'त वाढलेल्या मराठी शिक्षकाला ही अडचण चटकन सुचत नाही. मुलगा-मुलगी यांच्या चित्रांचा वेगळा धडा करा.

एका संगणकावर दोनच मुलं, दोन हेडफोन एकत्र लावायला स्प्लिटर, आणि माउस दर ५ मिनिटांनी दुसऱ्याकडे. वीज जात असेल तर लॅपटॉपच घ्या. फाइल्स पेन ड्राइव्हवरही ठेवा.