चरित्र अभिनेत्याची कारकीर्द कशी पाहावी? सुरुवात थॉमस मिचेलपासून

जुन्या हॉलिवूडचा नायक ओळखीचा व्हायला त्याचे दोन-तीन गाजलेले सिनेमे पुरतात. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला मात्र एकेका सिनेमात मोजकेच प्रसंग येतात. म्हणून त्याचे पाच-सहा सिनेमे पाठोपाठ बघायचे, मध्ये दुसरं काही घ्यायचं नाही. मला विचाराल तर थॉमस मिचेल घ्या, आणि त्याचं १९३९ हे एकच वर्ष घ्या.

त्या वर्षी त्याचे पाच सिनेमे आले. प्रदर्शनाच्या क्रमानेच पाहा: 'स्टेजकोच', 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज', 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', आणि डिसेंबरात आलेले 'गॉन विथ द विंड' आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'. दारुडा डॉक्टर, नजर अधू होत चाललेला वैमानिक, पत्रकार, कापसाच्या मळ्याचा आयरिश मालक, भिकाऱ्यांचा राजा. प्रसिद्ध म्हणून 'गॉन विथ द विंड' आधी लावायचा मोह होईल, तो आवरा. दारुडा डॉक्टर आधी भेटायला हवा.

'स्टेजकोच'मध्ये दोन जागा परत परत पाहण्यासारख्या आहेत. बाळंतपण करायची वेळ येते तेव्हा तो काळी कॉफी मागतो, आणखी मागतो, आणि जबरदस्तीने नशा उतरवतो. इथवरचा विनोदी म्हातारा तिथे एकदम डॉक्टर होतो. पुढे दारूच्या गुत्त्यात तो खलनायक ल्यूक प्लमरकडून बंदूक मागून घेतो. आवाज चढवत नाही, पण भीती लपवतही नाही. या भूमिकेसाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, आणि ते रास्तच होतं.

पुढच्या सिनेमांत एक सवय लावून घ्या: दुसरं कोणी बोलत असताना त्याच्याकडे बघायचं. 'मिस्टर स्मिथ'मध्ये सॉन्डर्स (जीन आर्थर) पिऊन त्याच्याशी लग्नाची गोष्ट काढते, आणि तिचं मन स्मिथकडे आहे हे त्याला कळत जातं. कळण्याची ती प्रक्रिया पाहायची तर जीन आर्थरवरची नजर काढावी लागते. अवघड आहे, पण काढा. 'गॉन विथ द विंड'मध्ये त्याची मुलगी स्कार्लेट घरी परतते, आणि बायको वारल्यावरही तो म्हणतो की मिसेस ओहाराला विचारायला हवं. भ्रम झालेला माणूस दाखवायला त्याला कसलाही आकांत लागत नाही. मला हा प्रसंग त्या अवाढव्य सिनेमातला सर्वांत खरा वाटतो.

मग मधली वर्षं खुशाल ओलांडून १९४६च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'वर या. विसरू नये म्हणून बोटांना दोरे बांधणारा अंकल बिली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळली जाऊन हातची गेलेली आठ हजार डॉलरची रक्कम.

त्यानंतरच १९५२चा 'हाय नून' लावा. चर्चमध्ये महापौर झालेला मिचेल उठतो, मार्शलची मनापासून वाटावी अशी स्तुती करतो, आणि त्याच प्रेमळ आवाजात त्याला गाव सोडून जायला सांगतो. आधीचे सिनेमे पाहिलेला प्रेक्षक या माणसावर विश्वास ठेवून बसलेला असतो, म्हणून घाव खोल जातो. मिचेल नवखा असता तर हा प्रसंग निम्माही लागला नसता.

पाहताना वहीत तीन गोष्टी टिपा: तो पडद्यावर पहिल्यांदा कसा येतो, हात कुठे असतात, आणि त्याच्यामुळे नायकाचं कोणतं रूप दिसतं. कथानक लिहीत बसू नका.

मिचेल झाला की ब्यूला बाँडी घ्या. जेम्स स्ट्युअर्टची आई ती सिनेमात चार वेळा झाली, त्यांतले दोन सिनेमे, 'मिस्टर स्मिथ' आणि 'वंडरफुल लाइफ', तुमचे पाहून झालेलेच आहेत. नंतर थेल्मा रिटर. 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'मध्ये तिचं नाव श्रेयनामावलीत नाही, त्यामुळे दुकानात मुलासाठी खेळणं शोधणारी आई तुम्हालाच ओळखावी लागेल. पुढे तिला सहा वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही.