आधी माइक मोजा, मग मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्या

मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे वेगळ्या फाइलीत, घेणारं यंत्र. खोक्यावर ठळक '८ ट्रॅक' छापलेलं असतं आणि घेणारा समजतो की आठ माइक एकदम लागतील. टॅस्कॅम कंपनीचा डीपी-००८ईएक्स किंवा झूम कंपनीचा आर८ या दोन्ही यंत्रांत ट्रॅक आठ आहेत, पण एका वेळी आवाज आत जातो तो दोनच ट्रॅकवर. उरलेले सहा नंतर एकेक करून भरायचे. टॅस्कॅमच्या डीपी-२४एसडीवरच्या २४ या आकड्यातही १२ ट्रॅक मोनो आणि ६ जोड्या स्टिरिओ अशी वाटणी आहे, आणि एकाच वेळी रेकॉर्ड होतात ते आठ. यात फसवणूक काही नाही, माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, फक्त बारीक अक्षरात. तिथे 'एकाच वेळी रेकॉर्ड होणारे ट्रॅक' ही ओळ शोधायची आणि किमतीची तुलना त्या आकड्यावरून करायची.

एकट्याने गिटार वाजवून गाणाऱ्याला दोन इनपुट पुष्कळ झाले. आज गिटार, उद्या आवाज, परवा दुसरा आवाज, असं मेट्रोनोमच्या ठेक्यावर थर चढवत जाता येतं. अभंग, नाट्यपद, ख्याल यांचं तसं नाही. गायक आलाप लांबवतो, तबलजी वाट बघतो, समेवर दोघं एकत्र येतात आणि शेवटाकडे लय दोघांच्याही नकळत चढते. मेट्रोनोमवर आधी तबला आणि मग गाणं असं रेकॉर्ड केलं की ते बेसूर होत नाही, पण निर्जीव होतं. म्हणून पेटी-तबल्यासह गाणाऱ्या घरात सगळे एकदम बसून वाजवणार हे धरूनच चालावं.

मोजणी अशी करा. गायक एक, पेटी एक, तबला एक, डग्गा एक, म्हणजे चार माइक. तानपुरा फोनवरून किंवा तानपुरा पेटीतून येणार असेल तर तो पाचवा इनपुट. पखवाजाला दोन्ही तोंडांसाठी दोन धरा. टाळांना वेगळा माइक लावू नका. ते इतके टोकदार वाजतात की गायकाच्या माइकमध्ये हवे त्याहून जास्तच येतात, तेव्हा टाळकऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवणं हाच उपाय. खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर तबला-डग्ग्याला मधोमध एकच माइक देऊन तीनवर भागतं, मात्र नंतर डग्ग्याची घुमक एकटी वाढवता येत नाही.

चार माइकच्या घराने दोन इनपुटचं यंत्र घेऊन पुढे मिक्सर जोडायचा बेत करू नये. चार माइक मिक्सरमधून दोन ट्रॅकवर उतरले की एकमेकांत मिसळले, आणि मल्टिट्रॅक घेण्याचं कारणच संपलं. या गरजेला झूम एच६ बरा पडतो. माइकचे चार इनपुट आणि वर बसवलेल्या जोड-माइकचे दोन, असे सहा ट्रॅक एकदम मिळतात. झूमच्या लाइव्हट्रॅक एल-८ मध्ये माइकचे इनपुट सहा, वर मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या), आणि तो चार एए सेलवरही चालतो. टॅस्कॅम मॉडेल १२ मध्ये माइकचे प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) आठ आहेत, पण त्याला अडॅप्टर लागतोच. झूम आर२० एका वेळी आठ घेतो. जुना आर१६ ही एका वेळी आठ घेतो आणि वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात मिळाला तर अजून कामाचा आहे, पण त्यात एक मेख आहे.

ती मेख फँटम पॉवरची. कंडेन्सर माइकला चालायला ४८ व्होल्ट लागतात आणि ते रेकॉर्डरनेच पुरवायचे असतात. आर१६ मध्ये आठ इनपुटांपैकी फक्त ५ आणि ६ वर ते मिळतात. पहिल्या इनपुटला कंडेन्सर माइक लावून 'यंत्र बिघडलं' म्हणत बसायची वेळ येते ती यामुळेच. म्हणून किती इनपुटांवर फँटम आहे आणि तो प्रत्येक इनपुटला वेगळा चालू-बंद होतो की सगळ्यांना एकदम, हे विचारून घ्या. वीज न लागणाऱ्या साध्या डायनॅमिक माइकला फँटमने इजा होत नाही, रिबन माइकला होऊ शकते. माइक काढता-घालताना फँटम बंद ठेवावा, नाहीतर हेडफोनमध्ये जो ठोका बसतो तो कानाला महाग पडतो.

इलेक्ट्रिक गिटार थेट लावायची असेल तर 'हाय-झेड' किंवा गिटारचं चित्र असलेला इनपुट हवा. साध्या लाइन इनपुटला ती लावली की वरचे सूर मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो.

फोनवरच्या तानपुऱ्याची गंमत वेगळी आहे. दोन्ही टोकांना स्टिरिओ पिना असलेली ऑक्स केबल, तिच्यावर मोठ्या जॅकचा अडॅप्टर, आणि ते सारं रेकॉर्डरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये, अशी जोडणी बहुतेकजण करतात. मग तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो. कारण असं की बॅलन्स्ड इनपुट पिनेच्या टोकावरच्या आवाजातून मधल्या कड्यावरचा आवाज वजा करतो. फोन डावा आणि उजवा दोन्हींकडे तोच तानपुरा पाठवतो, आणि सारख्यातून सारखं गेलं की उरतं शून्य. त्यासाठी एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिमीच्या दोन मोनो पिना अशी केबल घ्या आणि दोनपैकी एकच पिन लावा. तानपुरा असा तारेने घेतला की तो वेगळ्या ट्रॅकवर राहतो आणि मिक्स करताना हवा तितका ठेवता येतो.

सूर जुळवताना पेटीला प्रमाण माना. जुन्या पेट्या ४४० हर्ट्झ या सर्वमान्य प्रमाणाला क्वचितच अचूक असतात. फोनमधला तानपुरा सेंटच्या (एका पट्टीचा शंभरावा भाग) हिशेबाने पेटीवर आणा, मग तबला त्यावर लावा, आणि तो सेंटचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्यावर कीबोर्ड किंवा बासरी चढवायची असेल तर हाच आकडा लागतो.

आता वीज. दोन पिनांच्या स्वस्त चार्जरवर रेकॉर्डर चालवला की ५० हर्ट्झची घरघर मागे लागते, आणि लॅपटॉप जोडलेला असला तर आणखी. भारनियमनात चौकोनी लहरीच्या इनव्हर्टरवर तर कर्कश गुणगुण सगळ्या ट्रॅकवर बसते. ती नंतर गाळून निघत नाही, कारण तिचे वरचे पडसाद थेट आवाजाच्या पट्ट्यात असतात. सेलवर चालणारं यंत्र हा यावर सरळ उपाय. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे आणि अल्कलाइन १.५ चे असतात, म्हणून मेनूमध्ये सेलचा प्रकार सांगा. नाहीतर भरलेले सेल अर्धे दिसतात, किंवा रेकॉर्डिंगच्या मध्येच यंत्र मान टाकतं. फँटम चालू असला की सेल झपाट्याने उतरतात, आणि चार कंडेन्सर माइक लावून दोन तास बसायचं असेल तर एक चांगली पॉवर बँक लागतेच.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी, म्हणजे तासाला सुमारे ५१८ एमबी खातो. चार ट्रॅकला तासाला २ जीबीपेक्षा थोडं जास्त, म्हणून ३२ जीबीचं कार्ड जवळपास १५ तास पुरतं. काही नव्या यंत्रांत ३२ बिट फ्लोट हा रेकॉर्डिंगचा आणखी एक प्रकार असतो, त्याला यावर एक-तृतीयांश वाढवा. जुनी यंत्रं ३२ जीबीवरचं कार्ड ओळखत नाहीत. फुटपाथवरच्या स्वस्त कार्डांवर आकडा ६४ चा आणि आत माल ८ चा, असा प्रकार सर्रास चालतो. कार्ड आणलं की संगणकावर पूर्ण भरून वाचून तपासा, मग रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा.

४४.१ की ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे, हे नवं प्रोजेक्ट उघडतानाच ठरवावं लागतं. व्हिडिओबरोबर जाणार असेल तर ४८. ४४.१ ला रेकॉर्ड केलेली फाइल न बदलता ४८ च्या गतीने वाजली तर सूर साधारण दीड पट्टी चढतो. काळी दोनमध्ये गायलेलं पद पांढरी तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं.

३२ बिट फ्लोटची (झूम आर४ मध्ये आहे, पण त्यात माइकचे इनपुट दोनच) सध्या फार चर्चा आहे. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, चुकला तरी फाइल फाटत नाही हे खरं. पण माइकच्या आतच आवाज फाटला असेल, डग्ग्याला अगदी चिकटवलेल्या माइकचं तसं होतं, तर तो फ्लोटने जुळत नाही. त्या एका सोयीसाठी दोन इनपुट कमी घेणं हा तोट्याचा व्यवहार आहे. २४ बिटमध्ये सगळ्यात जोरदार तुकडा वाजवून घ्यायचा आणि शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्याच्या वर आवाज फाटतो) येईल असा गेन ठेवायचा. तबलजी चाचणीत नेहमी हळू वाजवतो आणि तिहाईला दुप्पट जोर लावतो, त्याच्यासाठी आणखी सहा डेसिबल राखून ठेवा.

दुकानात, किंवा वापरलेलं यंत्र कुणाच्या घरी बघायला जाताना, स्वतःचा माइक आणि हेडफोन न्या. माइक लावून गेन तीन-चतुर्थांश करा आणि खोली शांत ठेवून ऐका. ऐकू येणारी खरखर ही त्या प्रीअँपची प्रत. डायनॅमिक माइकवर हळू गाणाऱ्याला गेन खूप लागतो, त्यामुळे तिथे ती उघडी पडते. मग पहिल्या ट्रॅकवर मेट्रोनोम रेकॉर्ड करा. हेडफोनचा एक कप माइकला टेकवून तोच ठोका दुसऱ्या ट्रॅकवर घ्या आणि दोन्ही एकत्र वाजवा. एकच 'टक' ऐकू आली तर ठीक. 'टटक' असं दुहेरी वाजलं तर चढवलेला प्रत्येक थर मागे पडणार. प्रत्येक फेडर वर-खाली करून करकर बघा, प्रत्येक इनपुटमध्ये केबल हलवून आवाज तुटतो का बघा. आणि वापरलेल्या यंत्राचा मूळ अडॅप्टर नसेल तर भाव तेवढा पाडा, कारण व्होल्ट जुळले तरी पिनेची ध्रुवता उलटी असू शकते.

फाइल बाहेर कशी येते तेही करून बघा. झूमची यंत्रं ट्रॅकच्या वेव्ह फाइली थेट कार्डावर लिहितात, कार्ड संगणकात घातलं की दिसतात. टॅस्कॅमच्या डीपी मालिकेत कार्डाचे दोन भाग असतात. ट्रॅक एका भागात असतात आणि संगणकाला दिसतो तो दुसरा, त्यामुळे आधी प्रत्येक ट्रॅक एक्स्पोर्ट करावा लागतो. दर आठवड्याला मिक्स संगणकावर करणाऱ्याला हे कटकटीचं होतं.

घरात बरा लॅपटॉप आधीच असेल आणि एकट्याने थर चढवायचे असतील तर दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडून देणारा डबा) स्वस्त पडतो. एकदम चार-पाच माइक घ्यायचे असले की हा फरक कमी होत जातो, आणि लॅपटॉपचा पंखा नेमका आलापात सुरू होतो.

सगळं बजेट यंत्रात ओतू नका. निम्मे पैसे माइक, स्टँड, केबल आणि बंद कपांच्या हेडफोनसाठी ठेवा. गायकाचा माइक तोंडापासून एक वीतभर, त्याची पाठ तबल्याकडे. तबल्याचा माइक वरून वीत-दीड वीत. पेटीचा माइक समोरून वरच्या बाजूने, भात्यापासून दूर, नाहीतर सुरांआधी भात्याचा श्वास येतो. दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा. ते जमत नसेल इतकी खोली लहान असेल तर तबलजीला दारात बसवा, गायकाचा चेहरा त्याला दिसेल असा. सीलिंग फॅन मात्र बंदच.