एकटीने ग्रानादा : एका दिवसाची तयारी

स्पेनमधल्या ग्रानादातील दिवसाची तयारी अलहम्ब्रा या टेकडीवरच्या जुन्या किल्ले-राजवाड्यांच्या तिकिटापासून सुरू करावी, आणि मुक्कामाची तारीख ठरताच ते काढून ठेवावे, कारण गर्दीच्या हंगामात ते कित्येक आठवडे आधी संपलेले असते. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. त्यासाठी पासपोर्टचा तपशील द्यावा लागतो, आणि पैसे भरताना बँकेचा ओटीपी भारतातल्या मोबाईलवर येत असल्याने हे काम निघण्यापूर्वी घरूनच उरकावे. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, तेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे. तिकिटावर नासरी राजवाड्यांत, म्हणजे इथल्या शेवटच्या मुस्लिम राजघराण्याच्या महालांत, शिरण्याची वेळ छापलेली असते. ती चुकली तर किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा पाहता येतात, पण ज्यासाठी आलो ते राजवाडे हुकतात. मुख्य दारापासून राजवाड्यांपर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते, हे वेळेच्या हिशेबात धरावे. मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. पहिल्या खेपेस मी तो ‘सुरक्षित’ म्हणून मुक्कामाच्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि चढ चढून दारापर्यंत पोहोचल्यावर तो आणायला पुन्हा खाली उतरले. राजवाड्यांतले बारा सिंहांचे प्रसिद्ध कारंजे मी पाहिले ते धापा टाकत.

जाण्यापूर्वी एखादी संध्याकाळ इतिहासासाठी काढावी. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा नासरी सुलतान बोआब्दिल याने हे शहर राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, इथून जवळच्या सांता फे गावी, कोलंबसाच्या मोहिमेचा करार झाला. म्हणजे आपल्याकडे यायला निघालेल्या त्या गृहस्थाचे कागदपत्र इथलेच. इसाबेल आणि फेर्नांदो यांच्या कबरी कॅथेड्रलला लागून असलेल्या राजचॅपेलमध्ये आहेत. त्या परिसरात बायका रोझमेरीची डहाळी हातात देऊन भविष्य सांगू लागतात आणि मग पैसे मागतात. डहाळी हातात घेऊच नये, हसून ‘नो, ग्रासियास’ म्हणावे आणि पुढे चालावे.

सामानाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. अल्बाइसिन या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या चढउताराच्या आणि दगडगोट्यांनी फरसबंदी केलेल्या असल्याने बूट मऊ तळव्याचे, आधी वापरलेले असावेत. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, तेव्हा रिकामी बाटली पुरते. शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि समोर सिएरा नेवादा पर्वताचा बर्फ आहे, म्हणून उन्हाळा सोडल्यास रात्रीसाठी स्वेटर हवा. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ आहे.

खरी तयारी लागते ती माणसे भेटण्याची, आणि तिचा पहिला भाग म्हणजे अलहम्ब्राखेरीज त्या दिवशी दुसरे काहीही आरक्षित न करणे. दुपारी दोनच्या सुमारास बरीच छोटी दुकाने बंद होतात ती पाचनंतर उघडतात. दोन ते चार जेवणाची वेळ असते, आणि रात्रीचे जेवण नऊच्या आधी कोणी मनावर घेत नाही. आपल्या साडेबाराच्या भुकेसाठी पिशवीत खाकरा ठेवावा आणि तिथल्या लोकांबरोबर दोनलाच जेवायला बसावे. सकाळचा एखादा तास सान आगुस्तिनच्या मंडईसाठी राखावा. स्पेनमधल्या मंडईत गाळ्यासमोर रांग दिसत नाही, माणसे विखुरलेली उभी असतात. आलेल्याने ‘एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचे कोण, एवढे विचारायचे, मग कोणीतरी हात वर करते आणि त्याच्यानंतर आपला नंबर. हा एक प्रश्न पाठ केला की गाळ्यावरच्या आजींशी बोलणे आपोआप सुरू होते.

वाक्ये थोडीच, पण मोठ्याने म्हणून पाठ करावीत. आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण प्रांतात, शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, त्यामुळे ‘बुएनोस दियास’ कानावर ‘बुएनो दिया’ असे पडते. ते ओळखता आले की निम्मी भीती जाते. वडीलधाऱ्यांना ‘उस्तेद’ म्हणावे, तो आपल्या ‘तुम्ही’च्या जागी आहे, बरोबरीची माणसे मात्र पहिल्याच वाक्यात ‘तू’वर येतात, आणि योगायोगाने तो शब्दही ‘तू’च आहे. साखरेला ते ‘आसुकार’ म्हणतात आणि संत्र्याला ‘नारान्हा’. शर्करा आणि नारंग हे आपले शब्द अरबांच्या मार्फत तिथे गेले, आणि बारच्या काउंटरवर एवढी माहिती सांगितली तरी गप्पांना विषय मिळतो.

ग्रानादात पेय मागवले की त्यासोबत छोटी बशीभर खाणे, म्हणजे तापा, बहुतेक ठिकाणी फुकट येते. ते काय द्यायचे हे अनेकदा बारवालाच ठरवतो, म्हणून शाकाहारी माणसाने पेय सांगतानाच ‘सोय वेहेतारियाना, सिन हामोन, सिन आतुन’ असे सांगावे (पुरुषाने ‘वेहेतारियानो’). नुसते शाकाहारी म्हटल्याने भागत नाही. भाजीवर डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सॅलडमध्ये ट्यूना मासा येऊ शकतो, म्हणून त्या दोघांची नावे घ्यावी लागतात. दारू नको असेल तर ‘मोस्तो’ हा द्राक्षाचा रस मागावा. जेवणात ‘बेरेनहेनास कोन मिएल’ जरूर मागवावे: तळलेले वांग्याचे काप आणि त्यांवर उसाची काकवी. हा जोड आपल्याला कसा सुचला नाही, असे वाटते.

भेट द्यायला चिक्की न्यावी. पेढे, बर्फी नेऊ नये, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तुर्रोन या बदामाच्या मिठाईवर वाढलेल्या माणसाला चिक्की समजावून सांगावी लागत नाही.

संध्याकाळी सान निकोलासच्या चौकातून समोरचा अलहम्ब्रा पाहावा. जूनअखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा तोवर दारो नदीकाठच्या पासेओ दे लोस त्रिस्तेसवर लोकांबरोबर फिरावे. तिथल्या गर्दीत मोबाईल मागच्या खिशात ठेवू नये. हे विद्यापीठाचे शहर असल्याने ‘इंतेरकाम्बिओ’ नावाच्या भाषाविनिमयाच्या बैठका भरतात. आपल्या दिवशी ती कुठे आहे, हे मुक्कामी विचारून ठेवावे. रात्री परतायला बारा सहज वाजतात. म्हणून मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवावा आणि इमारतीच्या बाहेरच्या दाराची किल्ली दिवसाउजेडी एकदा स्वतः लावून पाहावी. जुन्या दारांत ती किंचित मागे ओढून मगच फिरते.