नगरसेवक, आमदार, खासदाराला मोबाइलवरून गाठायचं कसं

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नगरसेवकाच्या नावाने बोटं मोडून गटार साफ होत नाही, तो त्या ग्रुपवर नसतोच. त्याला गाठायचंय तर आधी बघा की काम नक्की कोणाच्या अखत्यारीतलं आहे. कचरा, पाणी, गल्लीतला रस्ता, बेस्टची बस म्हणजे नगरसेवक, मुंबईत असे २२७ आहेत. म्हाडा, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), पोलीस हे राज्याचं, म्हणजे आमदार, ते ३६. आणि लोकलचं किंवा स्टेशनातल्या पुलाचं रडगाणं असेल तर खासदार, ते फक्त ६. दादरच्या सरकत्या जिन्यासाठी नगरसेवकाला मेल टाकून काय उपयोग, रेल्वेत त्याचं कोण ऐकणार?

आपला कोण हेच माहीत नसेल तर निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर वोटर कार्डावरचा एपिक नंबर टाका, विधानसभा आणि लोकसभा दोन्ही मतदारसंघ दिसतात. नगरसेवकासाठी प्रभाग क्रमांक लागतो, आणि इथे भलेभले गोंधळतात, के वेस्ट किंवा जी नॉर्थ हे वॉर्ड ऑफिस झालं, प्रभाग वेगळा, एका वॉर्ड ऑफिसखाली बरेच प्रभाग येतात.

ईमेल आयडी? खासदारांचे संसदेच्या वेबसाइटवर असतात. आमदाराचा कुठेच सापडला नाही तर एक जुगाड सांगतो, निवडणुकीला उभं राहताना फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, त्यात फोन, ईमेल आणि सोशल मीडियाची अकाउंटं लिहायची असतात आणि ते आयोगाच्या साइटवर सगळ्यांना बघता येतं. लोक त्यात फक्त प्रॉपर्टी बघतात. फोन मात्र बहुतेक वेळा पीएच उचलणार, आणि नगरसेविका ताई असतील तर कधीकधी त्यांचे मिस्टर. चालतंय, पीएशी गोड बोलून ठेवा, इनबॉक्स तोच उघडतो.

मेसेज टाकायच्या आधी पालिकेच्या १९१६ हेल्पलाइनवर किंवा अ‍ॅपवर तक्रार करून नंबर घ्या. नंबर नसला की पहिलं उत्तर ठरलेलं, 'आधी वॉर्डात कम्प्लेंट करा'. मग साधारण असं लिहा:

'नमस्कार ताई, मी आपल्या प्रभागातला मतदार, अमुक सोसायटी. आमच्या गेटसमोरच्या मॅनहोलचं झाकण तुटलंय, शाळेची मुलं तिथूनच जातात. पालिकेकडे तक्रार केली आहे, नंबर सोबत देतोय, फोटो आणि लोकेशन पण. वॉर्ड ऑफिसला आपलं एक पत्र मिळावं ही विनंती.'

बस, एवढंच. एका मेसेजमध्ये एकच काम, त्यात पार्किंग, फेरीवाले, शेजारच्याचा कुत्रा घुसडू नका. आणि शेवटची ओळ महत्त्वाची, कारण 'काहीतरी करा' म्हटलं की कोणी काहीच करत नाही, लेटरहेडवर पत्र मागितलं की पीएला नेमकं काय टाइप करायचं ते कळतं. सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरीच्या सहीने पीडीएफ जोडली तर अजून वजन पडतं.

विषय मोठा असेल, म्हणजे रखडलेला पुनर्विकास वगैरे, तर अधिवेशनाच्या महिनाभर आधी आमदाराला मेल करा आणि तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावा असं स्पष्ट लिहा. बजेट अधिवेशन मुंबईत होतं, हिवाळी डिसेंबरच्या आसपास नागपूरला. विषय खासदाराचा असेल तर लोकसभेत प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर जागं होऊन फायदा नाही.

एक्सवर (म्हणजे आधीच्या ट्विटरवर) टॅग करायला हरकत नाही, पण मेल गेल्यानंतर आठवडाभर थांबून, आणि वॉर्ड ऑफिसचं हँडलही सोबत घ्या. भाषा सांभाळा, ब्लॉक झालात की तो रस्ता बंद.

पत्र गेलं असं पीए म्हणाला तर त्याची कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या, वॉर्ड ऑफिसचा आवक शिक्का दिसतोय ना बघा. पुढे महिना-दीड महिना हालचाल नाही झाली तर ऑनलाइन आरटीआय टाका, फी १० रुपये, विचारायचं एकच, अमुक तारखेच्या अमुक पत्रावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते आलं की तेच उत्तर परत नगरसेवकाला फॉरवर्ड करा.